अजून नाही

स्क्रीनवरचे तीन खांब सरसर वर चढले. चौथा रिकामाच राहील असं तिने गृहीत धरलं होतं, पण तो बोटभर उंच झाला आणि तिथेच थांबला. प्रश्न साधा होता: पाळी पहिल्यांदा कधी आली? उत्तरंही साधीच: दहाव्या वर्षापर्यंत, अकरा-बाराव्या वर्षी, तेराव्या वर्षी किंवा नंतर, आणि शेवटचं, अजून नाही. मुलींच्या हातात काडेपेटीएवढी यंत्रं होती. मनातल्या उत्तराचं बटण दाबायचं की समोर खांब वाढायचा. कोणी काय दाबलं हे कोणालाच कळणार नाही, असं तिने तास सुरू होताना दोनदा सांगितलं होतं. ती शिकाऊ डॉक्टर होती, इंटर्नशिपचं वर्ष चालू होतं, आणि मोठ्या हॉस्पिटलने या वर्षी शिकाऊ डॉक्टरांना शाळांमध्ये पाठवून प्रजनन आरोग्य शिकवायचं ठरवलं होतं. फळा-खडूने नाही, बोटाने फिरवता येणारी चित्रं, बटणं आणि वाढणारे खांब घेऊन. तिच्या जोडीला तिच्याच बॅचचा लांब्या होता. मुलींच्या वर्गात मुलगा नको म्हणून वर्गाच्या बाईंनी त्याला लॅपटॉपसकट नकाशांच्या कपाटामागे बसवलं होतं, आणि तो तिथून सासरी आलेल्या सुनेसारखा फक्त हुं हुं करत होता. चौथं उत्तर तिनेच घातलं होतं. लांब्या म्हणाला होता, तीन पुरेत, पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आहेत, चौथं कोण दाबणार? ती म्हणाली होती, असू दे, कोणी राहून जायला नको. हे म्हणताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं. आणि आता तो बोटभर खांब एकटाच, इतर तिघांच्या पायाशी, सगळ्या वर्गासमोर उभा होता, आणि आपण कोणाला तरी मदत केली की उन्हात उभं केलं, हे तिला समजेना.

मागच्या बाकावरून आवाज आला, "अजून नाही? कोण गं ती?" वर्ग या मुलीला रेडिओ म्हणत असे, कारण ती बंद होत नसे. तासाच्या सुरुवातीलाच तिने विचारलं होतं की हे यंत्र घरी नेता येईल का, भावाची उत्तरं घ्यायची आहेत. आता ती बाकावर गुडघा टेकून अर्धी उभी राहिली होती आणि एकेकीकडे बोट करत होती. "तू? तू तर नक्कीच नाही. मग तू?" वर्ग हसू लागला. हसणं वाईट नव्हतं, घाबरलेल्या माणसांचं असतं तसं होतं, पण प्रत्येक मान वळत होती, जी ती दुसरीचा चेहरा तपासत होती, आणि आपण मान वळवली नाही तर आपल्यावरच येईल म्हणून ज्यांना वळवायची नव्हती त्याही वळवत होत्या. खिडकीजवळच्या एका किडकिडीत मुलीने मात्र वळवली नाही. ती आपल्या हातातल्या यंत्राकडे बघत बसली होती. हीच ती मुलगी, असं शिकाऊ डॉक्टरच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, कारण ती तेच करत होती जे सगळा वर्ग करत होता. मग आपण काय बोलतोय हे कळायच्या आत ती बोलून गेली, "बसा सगळ्या. ते मी दाबलंय. यंत्र चालतंय का बघायला मघाशी दाबलं, ते तसंच राहिलं." एकदम सगळं निवळलं. "मॅडम, तुम्हाला अजून नाही?" असं रेडिओने विचारलं आणि वर्ग पुन्हा हसला, या वेळी मोकळेपणाने, आणि तीही हसली. कपाटामागून लांब्याने डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात यंत्र नव्हतंच, हे त्याला माहीत होतं. पुढचं चित्र आलं. त्यात बोटाने गर्भाशय बाजूला सरकवून मागचे भाग बघता येत होते. तिने ते सरकवलं, जागा मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या जागेकडे बघताना तिला आत्याचं कपाट आठवलं.

आठवलं म्हणजे समोरच उघडलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती, घरात कोणी नव्हतं, आणि जे झालं ते काय आहे हे तिला ऐकून माहीत होतं. आईच्या कपाटाला कुलूप होतं. आत्याच्या नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत परत आली होती आणि मागच्या खोलीत राहत होती. जमलं नाही, एवढंच घरात म्हणत. जमलं नाही, जणू दहीच ते. ती स्टुलावर चढली, वरच्या कप्प्यातली रजई बाजूला केली, आणि मागे पॅडची पाकिटंच पाकिटं होती. भिंतीसारखी रचलेली. खालची इतकी जुनी की त्यांच्यावरचा रंग उडालेला, त्या छापाची पाकिटं आता दुकानात मिळतही नव्हती. एकही फोडलेलं नाही. तिने वरचं एक घेतलं, रजई लावून टाकली, आणि आत्या किती टापटिपीची, किती साठवून ठेवणारी, असं वाटून तिला बरंही वाटलं होतं. आत्या दर महिन्याला आईबरोबर दुकानात जाऊन पाकीट आणायची. दर महिन्याला एक दिवस गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊन आडवी व्हायची, आणि आई म्हणायची, वन्सं, आज तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका, पडून राहा. पुढे ती पाच वर्षं डॉक्टरी शिकली. ज्यांना पाळीच येत नाही अशा बायांचं एक पूर्ण प्रकरण होतं, ते तिने पाठ केलं होतं, त्यावर परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळवले होते. पण पुस्तकातलं आणि घरातलं यांच्यामध्ये भिंत असते. आज या वर्गात, बोटभर खांबामुळे, ती भिंत कोसळली. आपल्याला हे इतकी वर्षं दिसलं कसं नाही, असं तिच्या मनात येत होतं, आणि तोंडाने ती बीजांडकोशाविषयी बोलत होती, आणि मुली लिहून घेत होत्या.

परतताना बसमध्ये लांब्याने आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "खोटं चांगलं बोलतेस." "नंबर आहेत त्या यंत्रांवर," तो म्हणाला. "हजेरीच्या क्रमाने वाटली होती. मी बघितलं तर कोण ते एका मिनिटात कळेल."

"आपण सांगितलंय, कोणाला कळणार नाही म्हणून."

"आपण सांगितलंय. पण आपण डॉक्टरपण आहोत ना? सोळाव्या वर्षी पाळी नाही म्हणजे तपासायला हवं. नुसता उशीर असेल तर ठीक. पण आत वाट बंद असली आणि रक्त साठत असलं तर? दर महिन्याला पोट धरून बसत असली तर? उद्या काही झालं तर आपण म्हणायचं काय, आम्हाला माहीत होतं पण आम्ही शब्दाला जागलो?"

लांब्याचं चुकत नव्हतं, हाच त्रास होता. तो कधी कोणाचं वाईट चिंतत नसे, आणि त्याचं म्हणणं सरळ रेषेत जायचं. तिचं जात नव्हतं. तिला सारखं वाटत होतं की आपण खोटं बोलून त्या मुलीला वाचवलं खरं, पण त्याच वेळी तिला पुसूनही टाकलं. ती होती, बटण दाबून म्हणाली होती की मी आहे. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली होती. आणि एक डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाली, नाही, तिथे कोणी नाही, ती मीच होते. आता ती मुलगी पुन्हा कशाला हात वर करेल? तिच्या डोळ्यांसमोर खिडकीजवळची ती खाली घातलेली मान येत होती. शोधावं का? शोधून काय करायचं? वर्गाच्या बाईंना सांगायचं, बाई आईला बोलावणार, आई बापाला, बाप कोणाला तरी, आणि त्या साखळीच्या शेवटी ती मुलगी कुठे तरी बसलेली असणार, सगळ्यांनी ओळखलेली. "रविवारपर्यंत थांब," ती लांब्याला म्हणाली. "सोमवारी सांगते." रविवार का, हे तिने सांगितलं नाही. रविवारी आत्याला सुट्टी असे.

आत्या आता त्या मागच्या खोलीत राहत नव्हती. चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचं काम तिने चाळिशीत शिकून घेतलं होतं, आणि दुकानापासून जवळच दोन खोल्या घेतल्या होत्या. एवढं मोठं घर असताना कशाला, म्हणून बाबा रागावले होते. तेव्हा आत्या म्हणाली होती, दादा, त्या घराला माझी इतकी सवय झालीय की मी तिथे नसले तरी चालेल. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांत घासकामाची पांढरी भुकटी बसलेली होती, सुट्टीच्या दिवशीही न जाणारी. "अशी अवेळी? उपाशी आहेस की प्रेमात?" आत्या म्हणाली आणि चहा टाकायला गेली. ती मागोमाग गेली, ओट्याला टेकून उभी राहिली, आणि वर्गातलं सगळं सांगून टाकलं. खांब, हसणं, आपलं खोटं, लांब्याचं म्हणणं. आत्याचं नाव मात्र त्यात कुठे येऊ दिलं नाही. आत्या पाठमोरी होती. दूध उतू जाईल म्हणून तिने गॅस बारीक केला, मग पुन्हा मोठा केला, मग बंदच केला.

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "त्या घटकेपुरतं बरं केलंस."

"आत्या, मी लहान असताना तुझ्या कपाटातून एक पाकीट घेतलं होतं."

आत्या वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी हिशेब लागावा तसं काहीतरी होतं. "तू होतीस होय. मला वाटलं, वहिनीने घेतलं. वर्षभर मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता बोलेल, मग बोलेल म्हणून."

"मोजून ठेवली होतीस?"

"मोजायची कशाला? माझ्याकडचं एकही कधी कमी होत नव्हतं. एक गेलं की दिसणारच."

दोघी हसल्या. हसता हसता तिला रडू येईल असं वाटलं, पण आत्या रडत नव्हती म्हणून तीही रडली नाही. आत्याने चहा गाळला, कप समोर ठेवला, आणि कोणी विचारलं नसताना बोलू लागली, हळू, कोणा शेजारणीची हकीकत सांगावी तशी. "मला शोधून काढलंच होतं की. सासूने. तिचं लक्ष असायचं, पाकीट आणते पण टाकते कुठे. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तिच्याशी बोलला, तिच्या मुलाशी बोलला. मी तिथेच पडद्यामागे, साडी सारखी करत होते. तो म्हणाला, पिशवी नाही. मला वाटलं, औषधं न्यायला पिशवी नाही म्हणतोय. मी आतून म्हटलं, माझ्याकडे आहे. कापडी होती, मीच शिवलेली." आत्याने चहाचा घोट घेतला. "कोणी हसलंसुद्धा नाही. गाडीत बसल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं, कुठली पिशवी ते."

बाहेर रस्त्यावर कोणी तरी लोखंडी शटर ओढत होतं, त्याचा आवाज संपेपर्यंत दोघी थांबल्या. तिला वाटत होतं, हा डॉक्टर आपण ओळखतो. वाईट माणूस नसणार. घाईत असणार. त्याचं निदान बरोबर होतं, त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं, तिने परीक्षेत लिहिलं होतं तसंच. "मग मी त्या मुलीला शोधू की नको?" तिने विचारलं.

"ते तू शिकलीस ना एवढं, तू ठरव," आत्या म्हणाली. "मला एवढंच कळतं की मला सगळ्यांनी शोधलं. माझ्याशी बोललं मात्र कोणी नाही. एका बाईने जरी म्हटलं असतं ना, की अशा असतात, मी बघितल्यात, जेवतात-खातात, म्हाताऱ्या होतात... तर मी आपल्या पायांनी चालत गेले असते तिच्याकडे."

"मी सांगू का वर्गात? तुझं?"

आत्याने आपला कप खाली ठेवला. "सांग. एक बाई म्हण. पण बिचारी म्हणू नकोस."

सोमवारी तिने लांब्याला सांगितलं की नंबर बघायचे नाहीत. तो वाद घालत बसला नाही, नुसता म्हणाला, "मग ती माहिती ठेवायची कशाला? आज नाही तर उद्या तुलाच मोह होईल. पण एकदा पुसली की परत येणार नाही. आणि ती मुलगी आलीच नाही तर?" तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि माहिती स्वतः पुसली. स्क्रीनवर काहीच घडलं नाही, फक्त एक ओळ गेली, आणि आता खरंच कळायला मार्ग नव्हता. आता जे काही होईल ते त्या मुलीच्या पायांवर अवलंबून होतं. आपण शब्द पाळला की जबाबदारी झटकली, या दोहोंमधला फरक तिला शोधूनही सापडेना.

शाळेतल्या दुसऱ्या तासाला तिने चित्र लावलं नाही, यंत्रं वाटली नाहीत. लांब्या कपाटामागे उगाच बसून होता. ती टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. ते बटण मी दाबलं नव्हतं." वर्गाच्या बाईंनी वहीतून मान वर केली. "मग कोणी दाबलं?" मागून रेडिओ. "माहीत नाही," ती म्हणाली. "काढता आलं असतं शोधून. काढलं नाही, आणि आता काढताही येणार नाही, ते पुसून टाकलंय." मग तिने सांगितलं की या वयात पाळी आली नसेल तर त्याची कितीतरी कारणं असतात; काही अगदी साधी, काही औषधाने जाणारी, काहींवर लवकर उपचार करावे लागतात, विशेषतः दर महिन्याला पोट दुखत असेल तर; आणि काही अशी की शरीरच तसं असतं, जन्मापासून, त्यात कोणाचा दोष नसतो. मग एका बाईची गोष्ट सांगितली. पाकिटांची, पडद्यामागची, कापडी पिशवीची. कापडी पिशवीपाशी दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. बिचारी हा शब्द दोनदा ओठांवर आला, दोन्ही वेळा तिने गिळला. "मी मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये बायकांच्या ओपीडीत असते," शेवटी ती म्हणाली. "ज्या कारणासाठी यायचं त्यासाठी या. आल्यावर पहिल्यांदा तुमच्याशी बोलेन, नंतर बाकी कोणाशी." वर्गाच्या बाई बाहेर पडताना तिच्याजवळ थांबल्या. काही बोलणार असं वाटलं, पण त्या नुसतं "हं" म्हणून गेल्या, आणि त्या हं चा अर्थ ती दिवसभर लावत राहिली.

मग वाट बघणं सुरू झालं. ओपीडीत गर्दी असे; पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, रिपोर्टचे कागद, पडद्यांच्या कड्यांचा आवाज. दार उघडलं की तिची नजर आधी उंचीवर जायची: शाळेतली मुलगी आहे का? एका शुक्रवारी खिडकीजवळची किडकिडीत मुलगी खरोखर आली. तिने मुलीला बसवलं, पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली, आणि इतक्या हळुवारपणे विचारलं की मुलगीच घाबरली. "महिन्यातून दोनदा येते मॅडम," मुलगी म्हणाली, "आणि खूप जाते. त्या दिवशी तुमच्या तासालाच आली होती, मला उठायची भीती वाटत होती." म्हणून मान खाली. इतके दिवस ती या मुलीची कीव करत आली होती, आणि सगळं चुकीचं. तिने रक्त तपासायला दिलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन ये म्हणाली, आणि मुलगी गेल्यावर कितीतरी वेळ पेन हातात धरून बसली. म्हणजे ती दुसरीच कोणी तरी होती. वर्गातले चेहरे आठवायचा तिने प्रयत्न केला, तर हसणारे चेहरेच आठवत होते. रोगी न येणं ही बातमी नसते. न आलेल्याचं काय झालं ते कधी कळतच नाही. लांब्याने विचारणं सोडून दिलं होतं. आत्याने फोनवर एकदाच विचारलं, आली का गं? ती नाही म्हणाली, आणि आत्या म्हणाली, मला तर पाय उचलायला जन्म लागला असता.

परीक्षा संपल्यानंतरच्या एका मंगळवारी, ओपीडी जवळपास रिकामी झाल्यावर, रेडिओ आली. दारात उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. तिने तिला आधी ओळखलंच नाही, कारण त्या मुलीला गप्प असलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. "आई बाहेर बसलीय," शेवटी मुलगी म्हणाली. "तिला सांगितलंय, तोंडावर पुटकुळ्या येतात म्हणून." ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "मीच सगळ्यांत जास्त हसले ना त्या दिवशी," ती म्हणाली. "मी नसते हसले तर कळलं असतं सगळ्यांना." नंतर हात पसरून आपल्या नखांकडे बघत, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं, ती बोलत राहिली. मैत्रिणींना काय सांगते, सहलीला गेल्यावर काय करते, पोट दुखतंय म्हणून कवायतीला कशी बसून राहते. आईला वाटतं की मुलगी आपलं आपण बघते, शहाणी आहे.

"खरंच दुखतं का कधी? दर महिन्याला, एकाच जागी?"

"नाही. काहीच होत नाही. कधीच."

म्हणजे रक्त साठत नव्हतं. ती भीती गेली, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली, थंड, ओळखीची. छाती, उंची, आवाज, सगळं वयाप्रमाणे होतं. काय असावं हे तिला जवळजवळ दिसत होतं, आणि दिसतंय म्हणून ते बोलायचं नव्हतं. "आधी सोनोग्राफी करू," ती म्हणाली. "मग मोठ्या मॅडम बघतील. जे काही असेल ते तुझ्याकडे बघून सांगू, तुला कळेल अशा शब्दांत. आईला आत घ्यावंच लागेल, पण तू म्हणशील तेव्हा, आणि तुझ्यासमोर. मी इथेच असेन."

मुलीने मान हलवली. पडद्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, पण उठली नाही. "मॅडम, त्या बाई. पाकिटवाल्या. त्या खऱ्या आहेत?"

"खऱ्या आहेत. माझी आत्या आहे ती. चष्म्याच्या काचा घासते."

"सुखी आहेत का त्या?"

इतकं सोपं विचारलं होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्या घटकेपुरतं ते बरंही झालं असतं. तिच्या डोळ्यांसमोर आत्याची पांढरी बोटं आली, तिचे विनोद, दोन खोल्या, गॅस बारीक करून मोठा करून बंद करणारा हात. पाकिटांविषयी तिने विचारलं होतं, डॉक्टरविषयी ऐकलं होतं, परवानगी घेतली होती. समोर मुलगी वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

"ते मी तिला विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते तुला. जे म्हणेल तेच सांगेन."

मुलगी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, खरं बोलतेय का ते पारखत असल्यासारखी. मग तिने चपला काढल्या, त्या नीट जोडीने भिंतीशी लावून ठेवल्या, आणि म्हणाली, "आईला बोलवा मग. पण दार लावून घ्या."